वरून देऊ नये

'मनाई' हा शब्द आपण फार सैल वापरतो. परवानगी नसणे म्हणजेच मनाई असणे, असे धरून चालतो. या दोहोंत मोठे अंतर आहे. परवानगी नसते तेव्हा कोणी काहीच केलेले नसते. दार आहे, ते उघडा असे कोणी सांगितलेले नाही, इतकेच. मनाई मात्र केलेली असते. ती करणारा एक लागतो, आणि जिला उद्देशून ती करायची अशी दुसरी कोणीतरी व्यक्ती लागते. त्या दुसऱ्यावाचून मनाई उभीच राहत नाही. रिकाम्या खोलीकडे पाहून कोणी 'आत येऊ नकोस' म्हणत नाही. आणि कोणी म्हणत असेल, तर ती खोली रिकामी आहे असे आपण समजू नये.

संगणक हा भेद माणसांपेक्षा काटेकोरपणे पाळतो. प्रत्येक फाइलीच्या पाठीशी एक यादी असते: तिचा मालक कोण, वाचण्याची परवानगी कोणाला, बदलण्याची कोणाला, आणि मनाई कोणाला. ज्याचे नाव यादीत नाही त्याला आज ना उद्या परवानगी देता येते. ज्याच्या नावापुढे मनाई लिहिली आहे त्याला, ती ओळ पुसेपर्यंत, इतर कोणी कितीही सवलत दिली तरी आत जाता येत नाही. घरगुती संगणक दुरुस्त करणे हा माझा एकोणीस वर्षांचा व्यवसाय आहे. त्यापूर्वी मी शाळेत भाषा शिकवीत असे. शब्द आणि याद्या या दोन्हींत आपण सहसा चुकत नाही, अशी माझी त्या दुपारपर्यंत समजूत होती.

हो, दुपारपर्यंत. अशा गोष्टी रात्रीच घडतात असे तुम्ही ऐकले असेल. ही घडली तेव्हा अडीच वाजले होते, खिडकी उघडी होती, आणि जमिनीवर उन्हाचा पट्टा पडला होता.

भावोजींना जाऊन एक महिना झाला होता. ताईचा दूरध्वनी आला: "यांचा संगणक टकटक वाजायला लागलाय रे. ठकूचं सगळं त्यातच आहे. आजच ये." ठकू म्हणजे तिची मुलगी, माझी भाची. ती अकरा वर्षांपूर्वी, सातव्या वर्षी, चार दिवसांच्या तापाने गेली. भावोजी कचेरीतून आले की रोज संध्याकाळी तिला समोर बसवून दिवसभराची हकिकत विचारीत आणि ती ध्वनिमुद्रित करून ठेवीत. अशी तीनशे बारा मुद्रणे होती. छायाचित्रे इतरांकडेही होती. आवाज मात्र फक्त तिथे होता.

ताईने दार उघडले. "या, पंडित. बूट बाहेर काढा, आणि व्याकरणही तिथंच ठेवा."

"व्याकरण पायांत घालत नाहीत, ताई."

"तू डोक्यात घालतोस आमच्या." ती हसली, पण डोळे सुजलेले होते. "आधी तो आवाज ऐक."

आवाज मी ओळखला. आतल्या खोलीत, कापडी आवरण घातलेल्या त्या जुन्या यंत्राची साठवणीची तबकडी शेवटच्या घटका मोजत होती. टक्... टक्... मग थोडी शांतता, मग पुन्हा टक्. अशी तबकडी कधी दोन दिवस काढते, कधी दोन तास. मी पिशवीतून नवी बाह्य तबकडी काढून जोडली, ताईच्या खात्यातून आत गेलो, ठकूच्या मुद्रणांचा कप्पा निवडला आणि नक्कल सुरू केली. पहिल्याच फाइलीवर काम थांबले. परवानगी नाही.

यात नवल काही नव्हते. मालक भावोजी होते, ताईचे नाव यादीत नव्हते; याद्या बदलण्याचा अधिकार मात्र तिच्या खात्याला होता. पण यादी उघडली तेव्हा भावोजींच्या ओळीच्या वर आणखी एक ओळ दिसली. तिथे मनाई होती. संपूर्ण मनाई: वाचण्याची, ऐकण्याची, नुसते नाव पाहण्याचीही. आणि ती कोणाला, त्या जागी नावाऐवजी एक लांबलचक आकडा होता.

"म्हणजे काय?" ताईने विचारले.

"एखादं खातं पुसलं की त्याचं नाव जातं आणि क्रमांक उरतो. पूर्वी या संगणकावर आणखी कोणाचं खातं होतं?"

"आमच्या दोघांशिवाय कोणाचं असणार? ठकूला तर हात लावू देत नसत."

मी दुसरी फाइल पाहिली. तिसरी पाहिली. विसावी, शंभरावी. प्रत्येकीवर तीच ओळ, तोच आकडा. पुढची गोष्ट मात्र चमत्कारिक होती. कप्प्यालाच एकदा मनाई केली असती तर ती आतल्या सर्व फाइलींना आपोआप लागू झाली असती. भावोजींनी तसे केले नव्हते. त्यांनी प्रत्येक फाइल उघडून, वरून येणारे सगळे नियम तोडून, तिची स्वतंत्र यादी हाताने लिहिली होती. तीनशे बारा वेळा.

ताईने मेजाच्या खणातून एक वही काढून दिली. भावोजी न्यायालयाच्या अभिलेखागारात तीस वर्षे होते. तिथे कपाटाला कुलूप असले तरी प्रत्येक गठ्ठ्याला स्वतःची दोरी आणि स्वतःची मोहोर असे. वहीत त्यांच्या सुबक अक्षरांत तारखांच्या रांगा होत्या: कोणते मुद्रण कोणत्या दिवशी बंद केले, रविवारी ऐकण्यासाठी कोणते उघडले, पुन्हा केव्हा बंद केले. पहिल्या पानावर एवढेच होते: 'एकेक करून द्यावी. वरून देऊ नये.'

मला हसू आले. हे मी कबूल केलेच पाहिजे. "भावोजींनी संगणकालाही दप्तर करून टाकलं, ताई. एका टिचकीचं काम, आणि माणूस वर्षानुवर्षं गाठी मारत बसला."

ताई हसली नाही. "रविवारी मला एक ऐकवायचे. ऐकून झालं की लगेच बंद करायचे, अगदी घाईनं. मी एकदा म्हटलं, अहो, कोण चोरतंय तिला? तर म्हणाले..."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, चोरत नाही. ऐकतं."

टक्, असे यंत्र म्हणाले.

मी वहीचा मान राखला. निदान एका फाइलीपुरता. पहिल्या मुद्रणाच्या यादीत ताईचे नाव घातले, वाचण्याची परवानगी दिली, मनाईची ओळ होती तशी ठेवली. मग ते लावले.

"बाबा, आज ना मी शाळेत काहीच विसरले नाही," ठकू म्हणाली. "डबा नाही, रबर नाही, काही म्हणजे काहीच नाही."

"मग पायात एकच मोजा कसा?" भावोजींचा आवाज.

"तो विसरले नाही काही. तो हरवला. विसरणं वेगळं आणि हरवणं वेगळं."

"ही तुझी शिकवण," ताई म्हणाली. तिचे ओठ मुलीच्या प्रत्येक शब्दाबरोबर हलत होते. तीनशे बाराही तिला पाठ असावीत. मुद्रण संपले तेव्हा तिने पदराने तोंड पुसले आणि म्हणाली, "हे वाचव रे. दुसरं काही नको मला. तिचा आवाज गेला तर ती पुन्हा जाईल."

एका फाइलीला मला मिनिटभर लागले होते. तीनशे अकरा फाइली म्हणजे सव्वापाच तास. तबकडी आता दर दहा सेकंदांनी अडखळत होती. माझ्या जागी या व्यवसायातल्या कोणीही जे केले असते तेच मी ठरवले. कप्प्याची मालकी ताईच्या खात्याकडे घ्यायची, सर्वांना पूर्ण परवानगी अशी एकच नवी यादी लिहायची, आणि ती खालच्या सर्व फाइलींवर एकदम लादायची. जुन्या याद्या त्यात पुसल्या जातात. मनाईही पुसली जाते. मनाई होती कोणाला, तर पुसलेल्या खात्याला. अस्तित्वात नसलेल्याला.

ताई पाणी आणायला स्वयंपाकघरात गेली होती. पडद्यावर प्रश्न आला: खालील सर्वांना हीच परवानगी लागू करायची काय?

"ताई, सगळं एकदम खुलं करतो गं," मी तिथूनच सांगितले.

"थांब," ती म्हणाली. "यांनी लिहिलंय ते उगाच नसेल. मी आले, मग बघू."

मी तोवर 'हो' वर बोट टेकवलेले होते. बोट टेकवले आणि तिचे 'थांब' ऐकले, असे मी बरीच वर्षे सांगत आलो. क्रम उलटा होता. पण यंत्राला त्याचे काय? खाते ताईचे होते. त्याच्या लेखी तो होकार ताईचा होता.

तीनशे बारा याद्या चार सेकंदांत बदलल्या. नक्कल सुरू झाली आणि एकदाही न अडता पूर्ण झाली. तबकडीची टकटकही थांबली होती. ताई पाण्याचा पेला घेऊन आली तेव्हा मी विजयी मुद्रेने खुर्ची मागे सारून बसलो होतो.

"झालं?"

"सगळंच्या सगळं. नव्या तबकडीवर. आता दहा प्रती काढ हव्या तर."

तिने पेला मेजावर ठेवला. ती रागावली आहे की आनंदली आहे हे तिचे तिलाच कळत नव्हते. "चाळिसावं लाव," ती म्हणाली. "दाताचं."

मी नव्या तबकडीवरची नक्कल लावली.

"बाबा, हा दात आहे ना, तो नुसता हलतो, पडत नाही. मी त्याला म्हटलं..."

ताईचे ओठ हलत होते. 'पड की रे बाबा एकदाचा', असे ते पुढे म्हणून गेले. त्या ओठांना साथ नव्हती. ठकू बोलायची थांबली होती.

"...कोण?" ठकूने विचारले.

ताईने माझ्याकडे पाहिले. "हे यात नाही."

मुद्रणात पुढे काहीच नव्हते. भावोजींचे हसणे नव्हते. खोलीचा आवाज तेवढा होता, भिंतींमध्ये हवा कोंडल्यावर येतो तसा. मी म्हणालो की नक्कल करताना काही बिघडले असेल, आणि एक्केचाळिसावे लावले. ते पहिल्या शब्दापासूनच वेगळे होते.

"बाबा घरी नाहीत," ठकू म्हणाली. परक्या माणसाशी लहान मुले बोलतात तशी, सावकाश आणि अदबीने.

खोलीत वास येऊ लागला होता. तापलेल्या यंत्राचा येतो तसा नव्हे. ताप उतरताना अंगाला दरदरून घाम येतो आणि अंथरूण ओले होते, त्याचा आंबूस, कोमट वास. ताईने तो माझ्याआधी ओळखला. ती भिंतीला टेकली.

"बंद कर," ती म्हणाली. आणि लगेच, "नको. पुढचं लाव."

बेचाळिसावे. "नाही उघडणार... बाबांनी सांगितलंय, आम्ही नसताना कोणालाही आत घ्यायचं नाही..." मग बराच वेळ काही नाही. मग, थोड्या रडवेल्या सुरात, "नाही सांगितलं ना."

ज्याच्याशी ती बोलत होती त्याचा आवाज ऐकू येत नव्हता. तो बोलत असे तेवढा वेळ मुद्रणात नुसती पोकळी होती, आणि त्या पोकळीची लांबी दर वेळी वाढत होती.

त्रेचाळिसाव्यात दोन मिनिटे काहीच आले नाही. मग ठकू अगदी जवळून, दाराच्या फटीला तोंड लावल्यासारखी बोलली.

"आई हो म्हणाली?"

"नाही!" ताई ओरडली. तिने पडदा दोन्ही हातांनी धरला. "ठकू, नाही गं! मी हो म्हटलं नाही! मी थांब म्हटलं होतं, ऐकतेस ना, मी थांब म्हटलं होतं..."

"...बरं," ठकू म्हणाली.

कडी सरकल्याचा आवाज आला. लहान हातांना ती जड जात असावी. दोन प्रयत्नांत सरकली. त्यानंतर काही नाही. चव्वेचाळिसाव्यात काही नाही. पंचेचाळिसाव्यातही नाही. मुद्रणाची लांबी तितकीच, तारीख तीच, आणि आत एक रिकामी खोली.

तेव्हा माझे लक्ष जुन्या तबकडीच्या कप्प्याकडे गेले. फाइलींच्या नावांशेजारी, प्रत्येक फाइल शेवटची कधी उघडली गेली त्या वेळेचा रकाना होता. आम्ही तिथे काहीच उघडत नव्हतो, आणि तरी तो रकाना बदलत होता. एकशे आठ. एकशे नऊ. एकशे दहा. ओळीने, सावकाश, एकही न गाळता. कोणीतरी शांतपणे बसून ऐकत होते.

"थांबव त्याला!" ताई म्हणाली. "मनाई कर. परत कर!"

मी यादी उघडली. मनाईची ओळ जोडायला घेतली. संगणकाने विचारले: कोणाला?

चौकट रिकामी होती. तिथे मला तो आकडा लिहायचा होता. पण तो फक्त त्या याद्यांत होता, आणि त्या याद्या मीच पुसल्या होत्या. मी वही पालथी घातली. आयुष्यभर प्रत्येक गठ्ठ्याचा क्रमांक दोनदा तपासून लिहिणाऱ्या त्या माणसाने हा एक आकडा कुठेच उतरवून ठेवला नव्हता. आकड्याच्या जागी सगळीकडे एकच शब्द होता: 'त्याला'. मी तसाच लिहून पाहिला. सर्वांना मनाई करून पाहिली. ताईच्या खात्याला तसे करण्याचा अधिकार नाही, असे उत्तर आले. ज्या खात्याने अर्ध्या तासापूर्वी सगळे खुले केले, त्याला आता काहीच बंद करता येत नव्हते.

दोनशे चार. दोनशे पाच.

मी तार भिंतीतून उपसली. पडदा विझला. पण तबकडी फिरत राहिली. वीज नसताना, तुमच्या माझ्या श्वासाहून थोडी हळू, ती साधारण दोन तास फिरत राहिली. आम्ही दोघे जमिनीवर बसून ते ऐकत होतो. उन्हाचा पट्टा भिंतीवर चढला. साडेपाचच्या सुमारास ती थांबली, आणि तो वासही गेला.

त्यानंतर मी सर्व उपाय केले. जुनी तबकडी मेली होती. नव्या तबकडीवर तीनशे बारा फाइली होत्या, पहिलीसुद्धा, मोज्याचीसुद्धा. एकीतही आवाज नव्हता.

निघताना ताईने मला दारात अडवले. तिचा चेहरा कोरडा होता.

"विसरणं वेगळं आणि हरवणं वेगळं, असं म्हणाली ना ती?"

"हो."

"कशी म्हणाली? म्हणून दाखव."

मी तोंड उघडले. शब्द होते. त्यांचा क्रमही होता. पण ते मी माझ्याच आवाजात म्हटले, आणि त्यामागे दुसरा कोणताही आवाज मला ऐकू आला नाही. जाड की बारीक, घाईचा की संथ, काहीच नाही. मी ताईकडे पाहिले. तिचे ओठ हलत होते, आणि तिच्याही डोळ्यांत तेच दिसत होते.

"मलाही नाही येत," ती म्हणाली. "आत्तापर्यंत येत होतं."

ही हकिकत मी पुढे एका सहव्यावसायिकाला सांगितली. वरून परवानगी देऊ नये, एवढे त्याला समजावे म्हणून. त्याने ती दुसऱ्याला सांगितली, आणि आता ती आमच्या व्यवसायात सगळीकडे सांगितली जाते. सांगणारे बरेच काही बदलतात. ते ती रात्रीची करतात, भावोजींना वेडा ठरवतात, ताईने स्वतःच 'हो' दाबले असे म्हणतात. या चुकांचे मला फारसे काही नाही. शेवटची तर मीच बराच काळ चालू दिली.

पण एक चूक मी दुरुस्त केलीच पाहिजे. 'आई हो म्हणाली?' हे वाक्य आले की सांगणारा आवाज बदलतो आणि ते लहान मुलीसारखे, बोबडे म्हणतो: 'आई हो म्हनाली?' ठकू बोबडी नव्हती. तिचा आवाज मला आठवत नाही, पण सातव्या वर्षी तिचा 'ण' स्वच्छ होता. तो मीच तिच्याकडून घोटून घेतला होता. मी हे आजवर नऊ जणांना सांगितले. ते एकमेकांना ओळखत नाहीत, वेगवेगळ्या गावांत राहतात. नऊही जणांचा तो सूर एकच आहे, अगदी एकच, मध्ये घेतलेल्या श्वासासकट. आणि नऊही जण माझ्याकडे चकित होऊन पाहतात. आवाज आम्ही कुठे बदलला, असे विचारतात.

ताई आता त्यांच्याकडे जाते. समोर बसते, डोळे मिटते, आणि तेवढीच ओळ पुन्हा म्हणायला लावते. परवा तिने मला सांगितले, "हाच रे. हाच होता तिचा."

तो तिचा नव्हे.